सॅमनची पिल्लं मागे वळतात

बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार दिवस एक मजकूर फिरतोय: सॅमनची पिल्लं नदीतून निघाली की तडक समुद्र गाठतात आणि मोठी होऊन अंडी घालायलाच परततात, खाडी हा त्यांचा नुसता रस्ता, त्यामुळे खाडीकाठी बांध घातले तरी त्यांचं काही अडत नाही. वर, हा सॅमन म्हणजेच आपला रावस.

रावसाचं आधी आटोपतो. बाजारात त्याला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण कूळ निराळं. समुद्रातून नदीत चढणारा मासा बडोद्याजवळ हवा असेल तर तो हिल्सा. पावसाळ्यात भरूचकडे नर्मदेत येतो.

‘तडक समुद्र’ हे सॅमनच्या पिंक या जातीला बरंचसं लागू पडतं. सॉकाय जातीची पिल्लं मात्र बहुधा तळ्यात एक-दोन वर्षं काढतात, आणि चिनूक जातीची कित्येक पिल्लं आठवडेच्या आठवडे खाडीत चरतात.

‘अंडी घालायलाच परततात’ हे तर साफ चूक. कोहो या जातीच्या सॅमनची काही पिल्लं वसंतात, बोटाएवढीही नसताना, खाडीत उतरतात. पूर्वी समज असा, की नदीत जागा न मिळालेली ही पिल्लं वाहून गेली, म्हणजे मेलीच. पण अमेरिकेतल्या अलास्का आणि ऑरेगनमध्ये दिसलं ते वेगळंच: ती उन्हाळाभर मचूळ पाण्यात वाढतात, शरदात पुन्हा गोड्या पाण्यात चढून हिवाळा काढतात आणि पुढच्या वसंतात समुद्रात जातात. त्यांच्या कानातल्या खड्यात थरावर थर चढतो आणि त्यातल्या स्ट्रॉन्शियमवरून कोणत्या वयात कुठलं पाणी होतं ते वाचता येतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता खाडी. गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी शिरत राहतं आणि क्षार निघून जातात, म्हणून कल्ले क्षार आत ओढतात. समुद्रात नेमकं उलट: मासा पाणी पितो आणि कल्ले मीठ बाहेर टाकतात. रक्ताचा खारेपणा समुद्राच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे मचूळ पाण्यात दोन्हीकडचा ताण हलका होतो. शिवाय भरतीच्या दलदलीत किडे आणि बारीक कवचधारी जीव खायला मुबलक.

आणि बांध? ऑरेगनमधल्या सॅमन नावाच्याच नदीच्या खाडीत कुरणांसाठी भरती अडवून घातलेले बांध १९७८, १९८७ आणि १९९६ मध्ये काढले. पुढे तिथल्या कोहोंचा अभ्यास झाला, तेव्हा अंडी घालायला परतलेल्या माशांपैकी २० ते ३५ टक्के लहानपणी खाडीत राहिलेले निघाले.