कुंडी आधी, टॅब्लेट नंतर

जुलैमध्ये उन्हाळी सुट्टी लागण्याच्या सुमारास जपानमधल्या प्राथमिक शाळांबाहेर एक गमतीचे दृश्य दिसते. आईवडील प्लास्टिकची एकेक कुंडी दोन्ही हातांनी सांभाळत घरी निघालेले असतात आणि कुंडीतल्या काठ्यांवर चढलेला वेल वाऱ्याने त्यांच्या तोंडावर येत असतो. या वेलाचे नाव असागाओ. त्याची फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात. मे महिन्यात पहिलीतल्या प्रत्येक मुलाने स्वतः बी पेरून तो वाढवलेला असतो. माझ्या मुलीची कुंडी मीही अशीच घरी आणली होती आणि पुढचा महिनाभर तिला पाणी घालायची आठवण करण्याचे काम, अर्थातच, माझ्याकडे आले.

हे सांगण्याचे निमित्त म्हणजे महाराष्ट्रातला वाद. शालेय अभ्यासक्रमात कृषी विषय आणण्याची घोषणा तिथे २०२३ मध्ये झाली. तेव्हापासून आप्तेष्टांशी बोलताना दोन टोकाची मते कानावर येतात. काही जण म्हणतात, ज्या मुलाच्या घरी बैल आहेत त्याला संगणकाच्या पडद्यावर नांगरणी दाखवायची ही थट्टा आहे. इतरांचे म्हणणे असे की, शेतकऱ्याच्या मुलाला शाळेतही शेतीच शिकवायची असेल तर त्याने गावाबाहेर पडायचे कधी, त्याला निदान संगणक तरी नीट शिकवा. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. मात्र संगणक आणि माती यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, हे दोघांनीही गृहीत धरले आहे आणि माझा आक्षेप त्याला आहे.

जपानमध्ये पहिली-दुसरीसाठी विज्ञान आणि समाजशास्त्र हे विषय काढून त्यांच्या जागी १९९२ पासून ‘सेइकात्सु’, म्हणजे साधारणपणे जीवनाभ्यास, हा विषय आला. पुढे २०१९ च्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याला एक संगणकीय उपकरण देण्याची गिगा स्कूल योजना जाहीर झाली आणि महामारीमुळे ती इतक्या घाईने राबवली गेली की २०२१ च्या मार्चपर्यंत बहुतेक शाळांत उपकरणे पोहोचली. मुलीच्या शाळेने ती उपकरणे शेतीचे चित्रफितीतले धडे दाखवण्यासाठी वापरली नाहीत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुले दर काही दिवसांनी आपापल्या कुंडीचा फोटो काढत आणि पूर्वीप्रमाणेच निरीक्षणाच्या कागदावर चित्रही काढत. एके दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाचे फोटो शेजारी शेजारी लावले, तेव्हा मुलांच्या लक्षात आले की कुंडी कोणाचीही असो, उन्हात असो वा सावलीत, वेल काठीभोवती एकाच दिशेने चढतो : वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. एका कुंडीकडे वर्षभर पाहूनही हे कळले नसते आणि कुंडी न लावता नुसता फोटो पाहिला असता तर ते कळण्यात कोणाला रसही वाटला नसता.

संगणकाचे काम मला इथे दिसते. तो स्मरण ठेवतो, तुलना करू देतो आणि तीन महिन्यांची वाढ मिनिटभरात पुन्हा दाखवतो. वाफसा, म्हणजे जमिनीत पेरणीजोगी ओल आली आहे हे ओळखणे, मात्र तो शिकवू शकत नाही. मूठभर माती दाबून तिचा गोळा करायचा, तो कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा आणि फुटून भुगा झाला तर जमिनीला वाफसा आला असे समजायचे, हे ज्ञान तळहाताचे आहे. ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर आकडा दिसेलही, पण ज्याने तो गोळा कधी सोडला नाही त्याला त्या आकड्याचा अर्थ लागणार नाही.

जपानचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी शाळेत बी पेरले, तरी २०२० च्या कृषिगणनेनुसार शेती हेच मुख्य काम असलेल्या इथल्या शेतकऱ्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे होते. शाळेत कुंडी लावली म्हणून तरुण शेतीत टिकत नाहीत. ते शेतमालाचा भाव, जमीन आणि मजुरी यांच्यावर ठरते. तेव्हा शेतकरी घडवण्यासाठी हा विषय आणत असू, तर तो न आणलेलाच बरा. मुलाला नेमके पाहता यावे, मोजता यावे आणि पाहिलेले मांडता यावे, यासाठी आणायचा असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे हे नवेही नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली ती हाताच्या कामातून शिकण्यासाठीच. कार्यानुभव आणि परिसर अभ्यास हे विषय आहेत, शालेय पोषण आहारासाठी परसबागा लावल्या जातात, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडही आले. अडचण आहे ती द्विशिक्षकी शाळेची, जिथे एक शिक्षक कुठल्याशा माहितीचे तक्ते भरत बसलेला असतो, आणि थकलेल्या बिलापायी तोडलेल्या विजेची. तिथे तीस टॅब्लेट पाठवले तर ते कपाटात जाणार. एक मोबाइल मात्र शिक्षकाच्या खिशात असतोच.

शिवाय एक सोय महाराष्ट्राला आहे, ती जपानला नाही. महाराष्ट्रातली शाळा जूनच्या मध्यास सुरू होते आणि पेरणीही त्याच सुमारास होते. मूग पेरला तर साधारण साठ-सत्तर दिवसांत शेंगा तोडणीला येतात, म्हणजे पहिले सत्र संपण्यापूर्वी पीक मुलांच्या हातात असते आणि कुंडी घेऊन कोणा बापाला रस्त्याने जावे लागत नाही. दर सोमवारी त्याच जागेवरून एक फोटो काढायचा, फळ्याच्या कोपऱ्यात पावसाचे मिलिमीटर लिहायचे आणि ऑगस्टच्या शेवटी शेजारच्या तालुक्यातल्या शाळेने पाठवलेल्या फोटोंशी आपले फोटो ताडून पाहायचे. त्यांचा मूग आपल्या आधी का फुलला, याचे उत्तर चौथीतल्या मुलांना आधी स्वतः शोधू द्यावे.