ख्रिसमसच्या खरेदीला परदेशी जाताय? फोटो बघा, कॅलेंडर नको

परदेशात जाऊन ख्रिसमसची खरेदी करायचं तुमचं पक्कं झालं असेल तर आधी अभिनंदन. आता फक्त ठिकाण ठरवायचं आणि ते काम लोक उगाच अवघड करून ठेवतात. तिथल्या सुट्ट्या, तिथले कर, विमान कंपनीची वजनाची मर्यादा, कॅलेंडर यातलं काहीही उघडायचं नाही. एक फोटो उघडायचा. फोटोत लाकडी टपऱ्या, पिवळे दिवे, थोडा बर्फ आणि लाल टोपीतलं एखादं गोड पोर दिसलं की ठिकाण ठरलं. हा फोटो डिसेंबरच्या कुठल्या तारखेला काढलाय असं विचारणारा एक नतद्रष्ट प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये असतो. "तुमचं आपलं नेहमी निगेटिव्हच," असं म्हणून त्याला गप्प बसवावं. आमच्या ग्रुपमध्ये तो नतद्रष्ट मी होतो. मला चार हसऱ्या चेहऱ्यांच्या इमोजींनी गप्प बसवण्यात आलं.

फोटोतल्या बर्फाबद्दलही शंका काढू नका. युरोपच्या बहुतेक मोठ्या शहरांत डिसेंबरात बर्फापेक्षा पाऊसच जास्त पडतो, पण छत्र्यांचे फोटो कोण छापणार?

ठिकाण निवडताना तिथल्या ख्रिसमसच्या बाजाराचं, म्हणजे चौकात भरणाऱ्या त्या टपऱ्यांच्या बाजाराचं, वय जरूर बघावं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा बाजार, श्ट्रीत्सेलमार्क्ट, १४३४ पासूनचा, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचा १५७० पासूनचा. बाजार पाचशे-सहाशे वर्षांचा म्हटल्यावर माल अस्सलच असणार, असं धरून चालायचं आणि काचेच्या गोळ्याखालचं लेबल उलटून बघायचं नाही. बघायचंच असेल तर सरळ चीनमधल्या झेजियांग प्रांतात यीवूला जा. जगभरातल्या ख्रिसमसच्या सजावटीचा फार मोठा हिस्सा तिथूनच निघतो. एवढंच की निर्यातीचा माल कित्येक महिने आधीच जहाजांवर चढलेला असतो, त्यामुळे तुम्ही डिसेंबरात पोचाल तेव्हा त्यांच्या लेखी ख्रिसमस कधीच संपलेला असेल. (ड्रेस्डेनला एर्त्सगेबिर्गे डोंगराळ भागातलं अस्सल लाकूडकाम खरोखर मिळतं. ते महाग असतं, म्हणून आपण त्याला हात लावून, फोटो काढून पुढे जातो.)

सेलसाठी पॅरिस. फ्रान्समध्ये हिवाळी सेल कधी लागणार हे कायद्याने ठरलेलं असतं आणि तो जानेवारीत लागतो. म्हणून तुम्ही डिसेंबरात जा. पूर्ण किमतीत घेतलेल्या वस्तूची शान वेगळीच.

न्यूयॉर्कला जाणार असाल तर लेबलवरची किंमत हीच किंमत समजा. काउंटरवर ८.८७५ टक्के विक्रीकर चढला की आश्चर्याचा आनंदही पदरात पडतो. तिथे ११० डॉलरच्या आतले कपडे आणि बूट करमुक्त आहेत. तेव्हा बरोब्बर ११० डॉलरचाच स्वेटर निवडा. १०९चा कशाला?

आता मुख्य सल्ला. तारीख. ख्रिसमसच्या खरेदीला ख्रिसमसच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ जा. आमच्या यात्रा कंपनीने आम्हाला अगदी कुशीत नेऊन सोडलं होतं. पत्रकावर सोनेरी अक्षरांत 'ख्रिसमस शॉपिंग स्पेशल', खाली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या बाजाराचा पानभर फोटो, आणि आमचं विमान उतरणार २४ डिसेंबरच्या सकाळी. विमानतळावरून बस, बसमध्ये सूचना, हॉटेल, खोल्यांचा घोळ, पुन्हा खोल्यांचा घोळ, असं करत चौकात पोचेपर्यंत अंधार पडायला आला होता. न्यूरेंबर्गचा बाजार २४ तारखेला दुपारी दोनला संपतो. आज आला आहात म्हणून नाही, दर वर्षी. आम्हाला काय दिसलं? मिटलेल्या टपऱ्या, गुंडाळलेल्या वायरी आणि घरी जायच्या घाईतले चार कामगार. आमच्यातल्या एका काकूंनी त्यांच्यापैकी एकाला हाताने खूण करून "ही टपरी उघडता का जरा?" असंही विचारून पाहिलं. तो हसला आणि त्याने काकूंना नाताळच्या शुभेच्छा दिल्या.

टूर लीडर म्हणाला, "काही हरकत नाही, वातावरण अनुभवा." अनुभवलं. तीन अंश होतं.

बरं, टपऱ्या गेल्या तर गेल्या, पक्की दुकानं आहेत ना? नाहीत. २४ला दुकानंही दुपारी दोनपर्यंतच. २५ला सुट्टी. २६लाही सुट्टी, कारण जर्मनीत ख्रिसमसचे दोन दिवस असतात, दोन्ही सरकारी. आणि आमच्या आयटिनररीत २५ तारखेच्या रकान्यात काय छापलं होतं? 'न्याहारीनंतर पूर्ण दिवस खरेदीसाठी मोकळा.' पूर्ण दिवस! अख्ख्या शहरात शटर खाली, रस्त्यावर आम्हीच, गळ्यात कंपनीच्या पिवळ्या पट्ट्या, हातात रिकाम्या पिशव्या. शेवटी कुणीतरी शोध लावला की रेल्वे स्टेशनातली काही दुकानं सुट्टीच्या दिवशीही उघडी असतात. मग सगळा जथा स्टेशनवर. तिथे प्रवाशांच्या गरजेच्या वस्तू मिळतात. टूथपेस्ट मिळते, मासिकं मिळतात, चार्जर मिळतो. आमच्या वहिनींनी हाताला लावायचं क्रीम घेतलं. त्या दिवशीची ती सगळ्यात मोठी खरेदी.

"तुम्हाला विंडो शॉपिंग करता येईल," असं टूर लीडर म्हणाला तेव्हा मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्या पोराचा तरी काय दोष? त्याच्या हातात कागद दिला होता, तो वाचून दाखवत होता. कागद ज्याने बनवला तो ऑफिसात उबेत बसला होता. आणि हे काही आकाशातून कोसळलेलं संकट नव्हतं हो. विमान रद्द झालं, वादळ आलं, संप झाला, तर माणूस समजून घेतो. २५ डिसेंबर दर वर्षी २५ डिसेंबरलाच येतो! त्याची जाहिरात जगभर होते! ज्या सणाच्या नावावर तुम्ही सहल विकता, त्या सणाला लोक दुकानं बंद करून घरी जेवायला बसतात, एवढं तुम्हाला माहीत नाही? कोलोनच्या कॅथीड्रलसमोरचा बाजार सहसा २३लाच आटोपतो. म्युनिकच्या मुख्य चौकातला २४ला. असले बाजार नोव्हेंबरच्या अखेरीला सुरू होतात, महिनाभर चालतात आणि सहसा सणाच्या तोंडावर संपतात. न्यूरेंबर्गचा तर पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्याच्या, आधीच्या शुक्रवारी उघडतो, म्हणजे तारीख कित्येक वर्षं आधी बोटांवर मोजून सांगता येते. आणि २०२६ साली तर बहारच आहे. २५ला शुक्रवार, २६ला शनिवार, २७ला रविवार, आणि जर्मनीत रविवारीही दुकानं बंद. सलग तीन दिवस शटर. 'लाँग वीकेंड शॉपिंग धमाका' असं पत्रक आत्ताच कुठेतरी छापायला गेलं असेल, पैज लावतो.

असो. सल्ला द्यायचा होता. देतो.

पायी चालायची आवड असेल तर २५ तारखेला लंडन. भुयारी रेल्वे बंद, बस बंद, आगगाड्या बंद. वर २००४चा एक कायदा आहे, त्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना त्या दिवशी उघडायला मनाई. ऑक्सफर्ड स्ट्रीट इतका मोकळा एरवी कुणाला दिसतो?

ख्रिसमसच्या दिवशी दुकानं उघडीच हवीत असा हट्ट असेल, तर जिथे तो घरचा सण नाही तिथे जा. टोकियोत २५ डिसेंबर हा साधा कामाचा दिवस. दुबईचे मॉल त्या दिवशीही ओसंडून वाहतात आणि झाड तर असं उभं करतात की खरं झाड लाजेल. तिथे सगळं मिळतं. ख्रिसमस सोडून.

पर्यटकाने खरेदीवर भरलेला कर निघताना परत मिळतो, त्या करपरताव्याच्या आधारे ठिकाण निवडणारे लोक फार हुशार असतात. त्यांचा हिशेब सरळ आहे. जितका कर जास्त, तितका परतावा जास्त. या न्यायाने हंगेरी सर्वोत्तम, कारण तिथला २७ टक्के व्हॅट हा युरोपीय संघातला सर्वांत जास्त आहे. लवकर निघा! प्रत्येक देशाची किमान खरेदीची अट वेगळी आहे, हे लक्षात ठेवायची गरज नाही. फ्रान्समध्ये १०० युरोंच्या वर, जर्मनीत ५०च्या वर, इटलीत २०२४ पासून ७०च्या वर, स्पेनमध्ये अटच नाही. तेव्हा फ्रान्समध्ये एका दुकानातून साठचं, दुसऱ्यातून सत्तरचं असं विखरून घ्या म्हणजे कुठेच काही मिळणार नाही. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून दुकानात जा. मिळालेले फॉर्म सामानाच्या तळाशी घाला. घेतलेलं जाकीट लगेच अंगावर चढवा. परताव्यासाठी वस्तू न वापरलेली लागते, पण थंडी काय म्हणेल? आणि विमानतळावर आधी बॅगा चेक-इन करून मोकळे व्हा, मग निवांत कस्टम्सच्या रांगेत उभे राहा. साहेब म्हणतील, "वस्तू दाखवा." वस्तू पट्ट्यावरून केव्हाच पोटात गेलेल्या असतील, विमानाच्या. आमच्या रांगेत एक गृहस्थ त्या अधिकाऱ्याला बॅगेचा टॅग दाखवून "यात आहेत" असं कळकळीने सांगत होते, आणि मागे उभे आम्ही घड्याळ बघत होतो. एवढं सगळं पार पडलं तरी परतावा देणारी मधली कंपनी तिचा वाटा कापूनच घेते, तेव्हा जर्मनीतल्या १९ टक्के व्हॅटमधले हातात किती पडले हे घरी सांगू नये. लंडनला ही कटकट नाही. तिथे १ जानेवारी २०२१ पासून पर्यटकांना दुकानातल्या खरेदीवरचा परतावाच बंद आहे. त्याला म्हणतात सुटसुटीतपणा.

कार्डाचं यंत्र "तुमच्या चलनात पैसे घेऊ का?" असं प्रेमाने विचारतं. हो म्हणा. दराचं काय ते नंतर कळेलच.

व्हिएन्नाहून स्नो ग्लोब आणाच. १९००च्या सुमारास एर्विन पेर्त्सी नावाच्या गृहस्थांनी तो तिथेच घडवला, आजही त्यांच्या घराण्यात तो बनतो. चांगला मोठा घ्या आणि हँडबॅगेत ठेवा. आत पाणी असतं. पाणी म्हणजे द्रव, द्रव म्हणजे बहुतेक विमानतळांवर १०० मिलीलीटरची मर्यादा, आणि सुरक्षा तपासणीच्या टेबलाखालच्या डब्यात त्याच्या जोडीला आणखी बरेच असतील.

भेटवस्तू तिथेच छान रंगीत कागदात गुंडाळून घ्या. तपासणीवाले सोडवून देतील.

आणि हो, ठिकाण ठरलं की नातेवाइकांना अवश्य कळवा. "जागा असेल तरच हं" अशी सुरुवात होऊन यादी येते. मापं नसतात, रंग "नेहमीचा" असतो, आणि ब्रँडचं स्पेलिंग चुकलेलं असतं. जे शहर निवडाल तिथे ती एक वस्तू सोडून सगळं मिळेल.

आता थट्टा पुरे झाली. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

आपण पण कमाल लोक आहोत. सहल घेताना काय काय विचारतो? न्याहारीला काय, खिडकीची जागा मिळेल का, टिप वेगळी की आतच, बसला वाय-फाय आहे का. तासभर घासाघीस करतो. "आम्ही पोचू त्या दिवशी तो बाजार चालू असेल का?" हा एक प्रश्न तोंडातून निघत नाही, आणि कुणी काढला तर त्याला इमोजी. बाजाराच्या तारखा तो बाजार भरवणारं शहर स्वतः जाहीर करतं, महिनोन् महिने आधी. दोन मिनिटांत बघून होतं. प्रागच्या जुन्या चौकातला बाजार सहसा ६ जानेवारीपर्यंत चालतो, व्हिएन्नाच्या टाउन हॉलसमोरचा २६ डिसेंबरपर्यंत. २४ तारखेचंच तिकीट स्वस्त पडत होतं तर तिकडे न्यायचं. किंवा तोच न्यूरेंबर्ग दोन आठवडे आधी करायचा. पण नाही. शाळांच्या सुट्ट्यांत गिऱ्हाईक मिळतं, २४ तारखेला विमानात जागा मिळते, हॉटेल स्वस्तात पडतं, आणि फोटो तर गेल्या वर्षीचा तयारच आहे.

तेव्हा यात्रा कंपन्यांनो, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं सांगू नका. दर वर्षी तुमच्या गाड्या त्याच चौकात उभ्या राहतात, तुमचे लीडर तेच वाक्य म्हणतात, लोक तसेच रिकाम्या पिशव्या घेऊन परततात, आणि तुम्ही तोच फोटो पुन्हा छापता. ही चूक नाही, हा धंदा आहे. माणसं वर्षभर पैसे साठवून येतात. म्हातारी माणसं येतात, नातवंडांसाठी काहीतरी घ्यायचं म्हणून. त्यांना बंद शटरसमोर उभं करून "वातावरण अनुभवा" म्हणताना लाज वाटायला हवी. पुढच्या पत्रकावर फोटोच्या खाली बाजाराची शेवटची तारीख छापा, आणि तिच्या शेजारी तुमचं विमान उतरण्याची. जागा पुरत नसेल तर 'शॉपिंग' खोडा, तिथे दोन्ही मावतील.