फुकटात घुसलेल्या पाहुणीकडून

‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकाला हे उत्तर आहे. प्रतिक्रियांच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळं टाकते आहे. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९ जूनला, म्हणजे जूनटीन्थला (अमेरिकेतली गुलामगिरी संपल्याची आठवण म्हणून पाळतात तो दिवस), बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये संध्याकाळी प्रवेश मोफत होता. गाणं होतं, नाच होता, मुलांसाठी रंगकामाची टेबलं होती, कृष्णवर्णीय कलाकारांच्या कामांपाशी थांबून गप्पा होत्या. मी आणि माझी लेक गेलो, आवडलं, मी लिहिलं. त्यावर साहेबांची प्रतिक्रिया जशीच्या तशी:

“ताई, लेख नेहमीप्रमाणे गोड गोड. फुकट म्हटलं की आपली देशी मंडळी कुठेही घुसतात, नाहीतर या लोकांच्या सणाशी आपला संबंध काय? एक संध्याकाळ दारं उघडली म्हणून म्युझियमचे गोडवे गाताय, पण त्याच म्युझियममध्ये २०१९ साली शाळेच्या मुलांशी काय झालं ते सोयीस्कर विसरलात. बाकीचे ३६४ दिवस तिकीट आहेच. आणि फोटो किती ते!”

आधी फोटोंचं. फोटो जास्त झाले, मान्य. लेकीचे चेहऱ्यावर रंग लावलेले चार फोटो एकापाठोपाठ टाकायची गरज नव्हती. तीन काढून टाकले आहेत. घ्या, तुमचं ऐकलं.

आता ‘ताई’चं. ताई म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात तिला फुकटी म्हणायचं, ही रीत मला नवी नाही. टीका करा, कडक करा, माझी ना नाही. इथे अनेकांनी केली आहे आणि मी उत्तरंही दिली आहेत. पण समोरच्याला हिणवून वर स्वतःला ‘स्पष्टवक्ता’ म्हणवून घेणं याला स्पष्टपणा म्हणत नाहीत. स्पष्ट बोलणारा माणूस आधी आपलं नाव सांगतो. तुमच्या प्रोफाइलवर फक्त ‘न्यू जर्सी, तीस वर्षं’ एवढंच आहे. तीस वर्षं या देशात काढून ज्यांच्या लढ्याची फळं आपण सगळे खातो त्यांना ‘हे लोक’ म्हणायचं, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने आशियाई माणसाला या देशाचं दार खऱ्या अर्थाने उघडलं. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने जी हवा तयार केली त्या हवेत पास झाला. तुमचा व्हिसा काय आकाशातून पडला?

तर ‘फुकट’. या एका वाक्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला ते लागलं आहे. का लागलं तेही सांगते.

मी औरंगाबादची. (आता छत्रपती संभाजीनगर. मी राहत होते तेव्हाचं नाव लिहिते, त्यावरून इथे भांडण नको.) माझे वडील मिलिंद महाविद्यालयात शिकले, बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या. मी फ्रीशिपवर शिकले, दुसऱ्या एका कॉलेजात, ज्याचं नाव घेत नाही. फ्रीशिपचा फॉर्म भरायला खिडकीपाशी उभं राहिलं की आतला कारकून मागच्या टेबलाकडे बघून म्हणायचा, “चला, फुकट्यांची लाईन लागली.” मग हसायचे सगळे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वडिलांची सही, सगळं नीट लावून दिलं तरी तो एक कागद काढून परत द्यायचा. त्या लाईनीत उभं राहून मी पदवी घेतली, त्याच पदवीवर इथे आले, आणि आज एका मराठी माणसाकडून तोच शब्द ऐकते आहे. फक्त खिडकी बदलली.

तुम्हाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, खरं आहे. पण मोफत प्रवेशाची रांग पाहिली की तिच्यातल्या माणसांना लालची समजायचं, ही सवय तुम्ही तिकडून इकडे घेऊन आलात, एवढं मला दिसतं.

आणि ही मोफत संध्याकाळ कोणी कोणाला दिली? तुमची समजूत अशी दिसते की म्युझियमने उदार होऊन दारं उघडली आणि आपण धावलो. बॉस्टनचा इतिहास जरा वाचा. रॉक्सबरीत, म्हणजे बॉस्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एल्मा लुईस नावाच्या बाई होत्या, आईवडील बार्बेडोसचे, कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाची चळवळ उभारणाऱ्या मार्कस गार्वींचे अनुयायी. या बाईंनी १९५० साली रॉक्सबरीत कृष्णवर्णीय मुलांसाठी नृत्य-नाट्य-संगीताची शाळा काढली. (साल बघा. मिलिंदचंच. योगायोग आहे, पण मला तो आवडतो.) १९६६ पासून त्यांनी फ्रँकलिन पार्कमध्ये उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोकळ्या आकाशाखाली कार्यक्रम सुरू केले. तिकीट नाही, वस्तीतल्या कोणीही यावं, बसावं. तिथे जॅझचे दिग्गज ड्यूक एलिंग्टन येऊन वाजवून गेले. ज्यांच्या एका मैफिलीला लोक गाठीचे पैसे मोजत, ते एलिंग्टन बागेत, फुकट! १९६८ मध्ये एल्माबाईंनी नॅशनल सेंटर ऑफ अफ्रो-अमेरिकन आर्टिस्ट्स ही संस्था उभी केली. त्या संस्थेच्या एडमंड बॅरी गेदर यांनी १९७० साली याच म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या कृष्णवर्णीय कलाकारांचं मोठं प्रदर्शन लावलं. म्हणजे मोफत संध्याकाळची कल्पना हंटिंग्टन अव्हेन्यूवरच्या म्युझियमच्या त्या खांबांच्या इमारतीत जन्मली नाही. ती रॉक्सबरीतून, रगल्स स्टेशनच्या पलीकडून, चालत आली. उशिरा आली, हे मी लेखात लिहिलंच होतं. तुम्ही शेवटपर्यंत वाचलं असतं तर दिसलं असतं.

रांगेत कोण होतं तेही बघा. माझ्या पुढे एक आजी होत्या, नातवंडांसकट, रविवारी चर्चला घालतात तशी मोठी पिवळी हॅट डोक्यावर. मागे शिफ्ट संपवून आलेला एक माणूस, गळ्यातलं हॉस्पिटलचं कार्ड काढायचं राहिलेलं. देशी चेहरे बोटांवर मोजण्याइतके. तुमची ‘घुसणारी मंडळी’ कुठे होती मला दिसली नाहीत. उलट माझा आक्षेप नेमका उलटा आहे, आपली माणसं अशा ठिकाणी येतच नाहीत. मंडळाच्या गणपतीला चाळीस मैल गाडी चालवतील, पण शेजारच्या गावातल्या जूनटीन्थला फिरकणार नाहीत.

ती पिवळ्या हॅटवाली आजी डेव्हिड ड्रेकच्या बरणीपुढे थांबली होती. तुम्हाला मोफत आणि पैसे यांच्याबद्दल बोलायचंच आहे ना, मग या बरणीबद्दल बोलू. ड्रेक दक्षिण कॅरोलायनातल्या एजफील्डचा कुंभार, गुलाम. त्या राज्यात १८३४ पासून गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. हा माणूस भल्यामोठ्या बरण्या घडवायचा आणि माती ओली असताना त्यावर चक्क दोन ओळींची कविता कोरून खाली सही करायचा, तारखेसकट. या म्युझियममधल्या १८५७ च्या बरणीवर त्याने लिहिलं आहे त्याचा आशय असा की ही बरणी मी रोख पैशासाठी केली, जरी पैशाला लोक कचरा म्हणतात. आता हा पैसा त्याला मिळाला का? त्याच्या श्रमाचा दाम मालकाच्या खिशात गेला. बरणी वाकून बघितली की खांद्यापाशी ती अक्षरं दिसतात, थोडी उजवीकडे झुकलेली, वरून तपकिरी-हिरवट झिलई ओघळलेली. आजी नातवाला ती अक्षरं बोटाने हवेत गिरवून दाखवत होत्या. काचेला हात न लावता.

२०२५ साली म्युझियमने ड्रेकच्या दोन बरण्यांची मालकी त्याच्या वंशजांकडे सोपवली आणि त्यातली एक त्यांच्याकडून रीतसर विकत घेतली. दीडशेहून जास्त वर्षांनी का होईना, त्या बरणीचे पैसे त्या घरात गेले. फुकट कोण खात होतं आणि कोण राबत होतं याचा हिशेब मांडायचा तर तो तिथून मांडा, माझ्या लेकीच्या रंगकामाच्या टेबलापासून नको.

आता ‘आपला संबंध काय’. खरं तर याचं उत्तर एका ओळीत होतं: शेजारी आहोत. पण तुम्हाला दाखला हवा असतो, तर घ्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याबद्दल, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला १९ जून १८६५ रोजी जनरल ग्रेंजरने गुलामांच्या मुक्तीचा हुकूम काढला, लिंकनच्या जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी, आणि जवळपास अडीच लाख माणसं मोकळी झाली. त्यानंतर फक्त आठ वर्षांनी पुण्यात बसून एका माळ्याला त्या लढ्यात आपलं काहीतरी दिसलं. न्यू जर्सीत बसून तुम्हाला दिसत नाही.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, कारण हिंदुस्थानातल्या अस्पृश्यांसाठी तसंच काही करायचं मनात होतं. डुबॉईस यांनी उत्तर दिलं. हा पत्रव्यवहार कुठे जपून ठेवला आहे माहीत आहे? याच मॅसॅच्युसेट्समध्ये, अ‍ॅम्हर्स्टच्या विद्यापीठात. मुंबईतल्या पोरांनी १९७२ मध्ये संघटना काढली तिचं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून दलित पँथर का ठेवलं, ते तुमच्या वयाच्या माणसाला मी सांगायला नको.

आणि हे शेवटचं खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही ‘त्याच म्युझियममध्ये’ असं लिहिलंत. त्याच म्युझियमच्या संग्रहात सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं एक दख्खनी चित्र आहे. पांढऱ्या जाम्यातला सावळा, भारदस्त पुरुष. मलिक अंबरचं म्हणून ते ओळखलं जातं.  हबशी मुलुखातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभारी झाला, १६१० मध्ये खडकी वसवली, १६२४ ला भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा एकदम लोळवल्या. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. खडकी म्हणजे माझं गाव. त्याने बांधलेल्या भडकल दरवाजाशेजारी आता बाबासाहेबांचा पुतळा आहे, आणि तेरा एप्रिलच्या रात्री तिथे जी गर्दी होते तिच्यात वडिलांच्या खांद्यावर बसून मी मोठी झाले. ढोल, निळा गुलाल, पाण्याच्या टाक्या, लाडू. तिथेही कोणी तिकीट मागत नाही. तेव्हा आफ्रिकी माणसाशी ‘आपला’ संबंध काय, हे कृपा करून मला विचारू नका. त्याने वसवलेल्या गावात माझं बालपण गेलं आहे.

हां, यातलं ‘आपला’ म्हणजे कोणाचा ते मात्र तुम्ही सांगितलेलं नाहीत. मला अंदाज आहे. जाऊ द्या.

उरलेलं भराभर. २०१९ ची गोष्ट मला माहीत होती. बॉस्टनमधल्याच डॉर्चेस्टरच्या शाळेची मुलं सहलीला आली, त्यांना कर्मचाऱ्यांकडून आणि इतर प्रेक्षकांकडून वंशद्वेषी बोलणी ऐकावी लागली, सुरक्षारक्षक मागे मागे फिरले अशी त्यांची तक्रार होती. म्युझियमने माफी मागितली. २०२० मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलबरोबर करार झाला आणि पाच लाख डॉलरचा निधी ठेवावा लागला. लेख त्या संध्याकाळचा होता, म्युझियमच्या चोपडीचा नव्हता. लग्नाचा वृत्तांत लिहिताना कोणी वऱ्हाडाचे जुने खटले लिहीत नाही. तुम्हाला वाटतं लिहायला हवं होतं, मला नाही वाटत. तुमचं तुम्ही लिहा, मी दुवा देईन.

३६४ दिवसांचं गणितही चुकलं आहे. बॉस्टनच्या शाळकरी मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना २०२४ पासून ठरावीक रविवारी तिथे मोफत जाता येतं. शिवाय मार्टिन ल्यूथर किंग दिनासारखे दिवस आहेत. पुरेसे नाहीत, पण एक म्हणजे एक नव्हे.

कोणीतरी विचारेल की एवढा राग कशाला, एका ओळीच्या टोमण्याला एवढं लांबलचक उत्तर? माझी लेक मराठी वाचायला शिकते आहे आणि हा ब्लॉग वाचते. तिने “आई, फुकटं म्हणजे काय गं?” असं विचारलं. मी तिला तेव्हा नीट सांगू शकले नाही, भाजी ढवळत राहिले. म्हणून इथे सांगते आहे.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही आणि उडवणार नाही. तिच्याखाली दोघांनी तुमची री ओढली आहे. त्यातल्या एकात कृष्णवर्णीयांसाठी आपल्या पार्ट्यांमध्ये हळू आवाजात वापरला जाणारा शब्द होता, ती काढली. दुसरी ठेवली आहे. पुढच्या वेळी ‘हे लोक’ लिहिलंत तर तुमचीही काढीन, मग टोपणनावाने लिहा नाहीतर खऱ्या.