सहा हातांचा हिमकण

"अरे, याला आठ हात आहेत."

काल रात्री सव्वानऊला, माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून वरच्या मजल्यावरच्या काकांनी हे वाक्य टाकलं. ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

पार्श्वभूमी फार नाही. कन्या सात वर्षांची. शाळेचा निरोप असा, की नाताळनिमित्त मुलांनी उद्या 'घरच्या साहित्यातून, स्वतःच्या हातानं केलेली एक सोपी वस्तू' आणावी. निरोप मी पाहिला रात्री आठला. कन्येला तो तीन दिवस माहीत होता, पण तिचं म्हणणं, "तुम्ही विचारलंच नाहीत."

यातला 'सोपी' हा शब्द ज्यानं कुणी पहिल्यांदा वापरला, त्याला मला एकदा भेटायचं आहे. या वस्तू सोप्या असतात हे खरं आहे, पण सोपी म्हणजे लवकर होणारी नव्हे, हे कुणी सांगत नाही. व्हिडिओत बाई म्हणते, "आता हे वाळू द्या." पुढच्या क्षणी ते वाळलेलं असतं. त्या दोन क्षणांच्या मध्ये जे काही घडतं, ते आपल्या घरी घडतं.

मिठाच्या कणकेचंच घ्या. टांगायच्या चांदण्या, झाडं, घंटा करायला याच्याइतकं स्वस्त आणि मस्त काही नाही. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडंथोडं घालायचं, कारण एकदम ओतलं की त्याची खळ होते. दहा मिनिटं मळायचं, पाच-सहा मिलिमीटर जाड लाटायचं, आकार कापायचे आणि दोरा ओवायचं भोक भाजण्याआधीच स्ट्रॉनं पाडायचं. नंतर पाडायला गेलात तर चांदणीचे दोन तुकडे होतात. भोक काठापासून निदान अर्धा सेंटिमीटर आत हवं. इथवर पोरं खूश असतात. मग ओव्हन, शंभर ते एकशेवीस अंशांवर, दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटून. झोपायची वेळ झालेला बाप इथे १८० अंश लावतो. मग काय होतं? वरचं कवच आधी वाळतं, आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला जागा नसते आणि सगळं फुगतं. फुगलेला सँटा खपून जातो. फुगलेली चांदणी बटाट्यासारखी दिसते. बरं, नीट वाळवलेलीसुद्धा तशीच ठेवली तर मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि ती मऊ पडते. म्हणून पूर्ण गार झाल्यावर दोन्ही बाजूंनी, कडांसकट आणि भोकाच्या आतूनही वार्निश. घरात कुत्रा असेल तर त्याच्या तोंडी लागेल अशी कुठे ठेवू नका. इतकं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.

तर हा बेत रद्द झाला. साडेआठ वाजले होते.

मग आइस्क्रीमच्या काड्या. तीन काड्यांचा त्रिकोण केला की झाड होतं, दोन त्रिकोण उलटसुलट ठेवले की सहा टोकांची चांदणी. याहून सोपं काही नाही, फक्त गम वाळेपर्यंत थांबायचं. पांढरा गम वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. ते एकतर लाकडात मुरतं किंवा हवेत जातं, तिसरी वाट नाही. म्हणून थेंब जितका मोठा तितका उशीर. मुलांना मात्र जास्त गम म्हणजे जास्त घट्ट असं वाटतं, आणि त्या काड्या गमच्या तळ्यात होडीसारख्या तरंगत राहतात. मसुराच्या दाण्याएवढा थेंब, वर कपड्याचा चिमटा, अर्धा तास हात नाही लावायचा. पूर्ण ताकद यायला एक दिवस. कन्येचा संयम मी मोजला आहे, अकरा सेकंद. दर अकरा सेकंदांनी "वाळलं?" आणि वाळलं का हे पाहायला ती चिमटा काढते. गरम गमची बंदूक घरात आहे, पण ती मुलांच्या हाती द्यायची वस्तू नव्हे. कमी तापमानाचीसुद्धा साधारण १२० अंशांपर्यंत जाते, मोठी तर १९० च्या आसपास. आणि मी बंदूक चालवली तर 'स्वतःच्या हातानं' या अटीचं काय?

हो, त्या अटीबद्दल. दरवर्षी वर्गात एक तरी वस्तू अशी येते, की जिच्या कडा लेझरनं कापल्यासारख्या असतात, आणि ती 'स्वतः' केलेल्या बाळाला तिचं नावही सांगता येत नाही. पहिलं बक्षीस तिलाच. मला बक्षीस नको आहे. मला एवढंच म्हणायचं आहे, की आईबापांची स्पर्धा घ्यायची असेल तर तसं निरोपात लिहा. आम्ही आठ दिवस रजा टाकून तयारी करू.

असो. पावणेनवाला मी कागदाचा हिमकण ठरवला. गम नाही, ओव्हन नाही, वाळवणं नाही. फक्त कागद आणि कात्री. चौकोनी कागद घेतला, अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा, मग कर्णावर. कडांना नक्षी कापली, उलगडला आणि कन्येनं टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी बेल वाजली.

काका महिन्यापूर्वी नेलेला स्टेपलर परत द्यायला आले होते. दिला. बसले. हिमकण उचलला, चष्मा कपाळावर घेतला, दिव्यासमोर धरला आणि मोजायला लागले. मोठ्यानं.

"...सात, आठ. अरे, याला आठ हात आहेत."

"बरं मग?"

"बर्फाला सहा असतात."

"काका, हा कागद आहे."

"कागद आहे हे मलाही दिसतंय. पण कागद कशाचा आहे? हिमकणाचा. उद्या तू पाच पायांची गाय केलीस आणि म्हणालास ही माती आहे, तर?"

"आजोबा," कन्या पुढे सरकली, "आठ हात कुणाला असतात?"

"ऑक्टोपसला, बाळ. बाबांनी छान ऑक्टोपस केलाय."

कन्येनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर कुठल्याही बापाच्या वाट्याला येऊ नये. काका पुढे पाव तास बोलत होते आणि दुर्दैव असं, की त्यातलं काही चुकीचं नव्हतं. बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी रचनेत जोडले जातात, म्हणून स्फटिकाला सहा बाजू येतात. केप्लरनं, हो, ग्रहांच्या कक्षावाल्या केप्लरनं, १६११ साली सहाच का या प्रश्नावर एक अख्खी पुस्तिका लिहिली आणि ती नववर्षाची भेट म्हणून आपल्या आश्रयदात्याला दिली. अमेरिकेत व्हर्माँटच्या बेंटले नावाच्या शेतकऱ्यानं १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात असे पाच हजारांवर काढले. मी पाठीमागे लपवून फोनवर आठ हातांचा हिमकण शोधत होतो. त्रिकोणी सापडला. बारा हातांचाही असतो, दोन स्फटिक एकमेकांत गुंतून वाढले की होतो. आठ नाही. निसर्गानं माझी बाजू घ्यायचं ठरवून नाकारलं.

"मग तुम्हीच कापून दाखवा," मी कात्री पुढे केली.

"छे, छे. मला कात्री जमत नाही. मी सांगतो, तू काप."

तर सहा हातांची कृती. लिहून ठेवा, कारण काका सगळ्यांच्या घरी असतात. कागद चौकोनी, साधारण वीस सेंटिमीटरचा. कर्णावर दुमडून त्रिकोण करा. त्याची लांब बाजू तळाशी ठेवा आणि तिचा मध्य चिमटीनं दाबून खूण करा. आता त्या मध्यापासून उजवा पंख डावीकडे आणा, डावा पंख त्याच्यावर उजवीकडे आणा. दोन्ही पंखांच्या कडा पलीकडच्या घडीशी तंतोतंत जुळल्या की एकशेऐंशीचे साठसाठचे तीन भाग झाले. कोनमापक लागत नाही. मात्र जुळल्याशिवाय घडी दाबू नका, आधी सरकवून पाहा आणि मग नख फिरवा. इथेच न थांबता तो निमुळता भाग पुन्हा उभा अर्धा दुमडा. ही शेवटची घडी विसरलात तर सहाच्या जागी तीन पाकळ्या येतात आणि काका पुन्हा बसतात. वर दोन शेपट्या निघालेल्या असतील, त्या तिरक्या कापून टाका.

आता हातात कागदाचे बारा थर आहेत. साध्या छपाईच्या कागदाचे बारा थर म्हणजे मिलिमीटरभराहून जास्त, आणि मुलांची बोथट कात्री तिथे नुसती चावते. वरचे थर कापले जातात, खालचे सरकतात आणि नक्षी तिरपी होते. म्हणून कागद पातळ घ्या, बटर पेपर किंवा पतंगाचा. घडी पिनांनी एकत्र धरा. कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायचा, कागद धरून कात्री नव्हे. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की दोन्ही घडीच्या कडांवर थोडा थोडा भाग अखंड राहिलाच पाहिजे. मुलाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ कापायचा मोह होतोच, आणि मग उलगडल्यावर हातात हिमकणाऐवजी हिमवर्षाव येतो.

आमचा पहिला हिमवर्षाव नऊ चाळीसला झाला. दुसरा नऊ पन्नासला. काका म्हणाले, "वर्षाव छान आहे, पण शाळेत गोळा कोण करणार?"

या सगळ्यात मला इंग्लंडच्या त्या हेन्री कोलची फार आठवण येत होती. १८४३ साली या गृहस्थाला नाताळच्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ नव्हता. त्यानं हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, छापलं आणि सगळ्यांना तेच पाठवलं. विकायला छापलेलं पहिलं नाताळ भेटकार्ड म्हणून जग ज्याचं कौतुक करतं, ते एका माणसाच्या कामचुकारपणातून आलं आहे. त्याला कुणी म्हणालं नाही की स्वतःच्या हातानं कर.

तिसऱ्या खेपेला जमलं. पतंगाचा कागद, तीन पिना, मोठ्यांची कात्री, कापणारे हात कन्येचे आणि कागद धरणारे माझे. उलगडताना मधून ओढायचं नाही, एकेक घडी कडेनं सोडायची. मग हिमकण जाड पुस्तकाखाली दाबून ठेवला की सपाट होतो. सहा हात. काकांनी दोनदा मोजले. एकदा घड्याळाच्या दिशेनं, एकदा उलट.

कन्येला त्यावर चमकी हवी होती. मी ठाम नाही म्हणालो. चमकी म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या फिल्मचे बारीक तुकडे. ते स्थिर विजेनं कपड्यांना, केसांना, मांजराला चिकटतात आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत जात नाहीत. युरोपीय संघानं प्लॅस्टिकच्या सुट्या चमकीवर ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आणली आहे. हवी तर ओल्या गमवर बारीक मीठ भुरभुरा, दिव्याखाली तेही बऱ्यापैकी चमचमतं.

"मीठ कशाला?" काका म्हणाले. "मिठाचे स्फटिक चौकोनी असतात. षटकोनी बर्फावर चौकोनी मीठ?"

मी काही बोललो नाही. दाढ आवळली.

साडेदहाला काका उठले. कन्येनं हिमकण एका हातात धरला आणि दुसऱ्या हातात आठ हातांचा. जरा विचार केला. "आजोबा, हा तुम्हाला," असं म्हणून सहा हातांचा त्यांना देऊन टाकला. "मी ऑक्टोपसच नेते. सगळ्यांचे हिमकणच असणार."

काका इतके हरखले, की जाताना टेबलावरचा स्टेपलर पुन्हा उचलून घेऊन गेले, हिमकण दाराला लावायला. बरोबर मोठ्यांची कात्रीही. आज सकाळी जिना चढताना पाहिलं, दारावर हिमकण मधोमध आहे, सहाही हात स्टेपल केलेले. स्टेपलर पुन्हा गेला, म्हणजे नाताळला घरी लावायची कागदाच्या कड्यांची साखळी आता गमनं करावी लागणार.