२१ दिवसांत शुक्राणू दुप्पट? लाडवाला फुकटचं श्रेय

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा : रोज उडदाचा लाडू, दुधातून अश्वगंधा, जोडीला झिंकची गोळी, सोयाबीन बंद, २१ दिवसांत शुक्राणू दुप्पट, तपासणीची गरज नाही.

आधी ते २१ दिवस. वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, परिपक्व व्हायला आणखी काही. आज गुटखा-सिगारेट सोडली तर फरक तीन महिन्यांनी कळणार. महिन्या-दीड महिन्यापूर्वी डेंग्यूचा जोरदार ताप येऊन गेला असेल, तर आजचा आकडा घसरलेला असू शकतो आणि पुढे आपोआप सावरतो. त्याच वेळी लाडू सुरू असेल, तर श्रेय लाडवाला!

‘दुप्पट’ही असंच. वीर्यस्खलनात दोन दिवसांच्या खंडानंतर दिलेलं आणि सात दिवसांनंतर दिलेलं वीर्याचं सॅम्पल सारखं नसतं. म्हणून खंड २ ते ७ दिवसांचा आणि दोन्ही वेळी तेवढाच ठेवायचा. पहिले थेंब सांडले तर आकडा खोटा कमी येतो, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. सॅम्पल घेताना थुंकी, साबण, साधा कंडोम नको. डबी अंगालगत ठेवून तासाभरात लॅबमध्ये पोचवावी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची मर्यादा एका वेळच्या वीर्यात ३ कोटी ९० लाख शुक्राणू अशी आहे. त्याखाली आलं म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही.

झिंकबद्दल : अमेरिकेत २,३७० जोडप्यांवरच्या चाचणीत पुरुषांना सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम झिंक आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं. शुक्राणू सुधारले नाहीत, जन्मलेल्या बाळांची संख्याही वाढली नाही. पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या. अश्वगंधेवरचे अभ्यास छोटे आहेत, आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. उडीद चांगलाच, पण तूप-साखरेने पोट सुटलं तर चरबीत टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हार्मोन होतं. सोयाबीन रोजच्या जेवणाइतकं खुशाल खा.

खरा घातक प्रकार त्या मजकुरात नाहीच : जिममधलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. बाहेरून हार्मोन आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणाला संदेश देणं थांबवते आणि आकडा शून्यावरही जातो. सावरायला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं.

आणि तपासणी? मूल न होणाऱ्या शंभरातल्या ३५-४० पुरुषांना व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा असतात. त्या डॉक्टर उभं करून हाताने तपासतात. लाडवाने बसत नाहीत.