दुखणं वर सरकलं, पेढे वाटा

दुखतोय पाय, मग एमआरआय कमरेचा कशाला, असा वाद मी रिपोर्ट येईपर्यंत घालत होतो. रिपोर्टात निघालं की एल-फोर आणि एल-फाइव्ह मणक्यांमधली गादी सरकलीय आणि तिनं नस दाबलीय. सोसायटीत बातमी पसरायला लिफ्टची एक खेप पुरली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "फळीवर झोपा." आजींनी निर्गुंडीचं तेल सुचवलं. सांगलीहून आत्याचा फोन आला, "कुणी पायाळू माणूस बघ आणि कमरेत लाथ घालून घे."

मी गेलो फिजिओथेरपीला. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. "काका, पालथे झोपा. आता कोपरांवर या. आता हात सरळ करून छाती उचला, कंबर सैल सोडा. अजून नऊ वेळा." पाचव्या खेपेला कंबर ठणकायला लागली. भीत भीत म्हटलं, "अगं, पोटरीतली कळ थांबली, पण कंबर दुखतेय." मी बोर्डात आल्यासारखा तिचा चेहरा खुलला. "मस्त, काका! दुखणं पायातून कमरेकडे सरकतंय, हेच हवंय. उलट खाली उतरायला लागलं तर लगेच थांबायचं."

ही पद्धत न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांची. 1956 साली त्यांचा एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या तपासणीच्या पलंगावर चुकून पालथा पडून राहिला आणि काही मिनिटांत त्याचा पाय दुखायचा थांबला. मॅकेन्झी तेव्हा खोलीत नव्हते. आमची पोरगी मात्र पापणीसुद्धा लववत नाही.

घरी सतरंजी टाकायची ती हॉलमध्येच, आणि मावशींची लादी पुसायची वेळही नेमकी तीच. "काका, सरका."

"मावशी, सहावा चालू आहे."

मग सोफा आणि मी, दोघांच्याही कडेकडेनं ओलं फडकं फिरवून त्या पुढे जातात.

सगळ्यात अवघड वेळ पहाटेची. रात्रभर पडून राहिल्यावर मणक्यांमधली गादी पाणी शोषून फुगते, म्हणून उठल्यावर तासभर कमरेतून वाकायचं नाही. दुधाची पिशवी आणि पेपर तर उंबऱ्याबाहेर जमिनीवर! मग पाठ ताठ ठेवून गुडघे टेकायचे. समोरच्या काकू नेमक्या तेव्हाच दार उघडतात. पहिल्यांदा बिचाऱ्या दचकल्या होत्या. आता हात वर करून सरळ आशीर्वादच देतात.

बरं वाटतंय का, असं घरात आता कुणी विचारत नाही. "कुठवर आलं?" एवढंच. पोटरी सुटली, गुडघा ओलांडला, मांडीत मुक्काम लांबला. परवा सौ.नं आत्याला आनंदानं कळवलं, "आत्या, पाय पूर्ण मोकळा झाला हो यांचा. दुखणं आता नुसतं कमरेत आलंय."

"अगं बाई, वर चढलं?" आत्या किंचाळली. "त्या पोरीला म्हणावं, आता हात लावू नकोस. पायाळू मिळालाय. शनिवारच्या एसटीनं पाठवते!"