‘हौस’ या शब्दाबद्दल

सर,

घरी शिकणाऱ्या मुलांना परीक्षा फी आणि पुस्तकं सरकारने द्यावीत, असं मी लेखात मागितलं. त्यावर ‘घरी शिकवायची हौस असेल तर खर्चही स्वतःच करा, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांच्या तोंडचा घास कशाला काढता?’ असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही दाखवलेली चूक आधी मान्य करते. शिक्षण हक्क कायदा २००९ पासून लागू झाला असं माझ्या लेखात छापलं गेलं होतं. संमत २००९ साली झाला, लागू १ एप्रिल २०१० पासून. दुरुस्त केलंय.

पण हौस? माझा मुलगा तिसरीत असताना रिक्षाचा हॉर्न वाजला की उलटी करायचा. वाचताना अक्षरांची अदलाबदल व्हायची त्याची, आणि रोज वर्गापुढे उभं करून त्यालाच धडा वाचायला लावायचे. एक शाळा बदलली, दुसरी बदलली. शेवटी मी नोकरी सोडली. एका पगारात पाच वर्षं काढली, तेव्हा कुठे तो मुक्त विद्यालयाची आठवीची परीक्षा पास झाला. मधे एकदा सर्वेक्षणाला आलेल्या बाईंनी दारातच विचारलं, ‘शाळाबाह्य लिहू का?’ तो आतून ऐकत होता. आठ दिवस पुस्तकाला हात लावला नाही त्याने.

तुम्ही मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालात. अशी मुलं तुमच्या हाताखालून गेली नसतील? त्यांच्या आयांनाही हौशीच म्हणायचात का?

आणि घास कुणाचा? माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, मी त्याच शाळेत शिकले. त्या शाळेचं वाईट मी चिंतेन, असं मला न ओळखता लिहायला तुमचा हात कसा धजावला?

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) राखीव ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांवरच्या मुलांची फी सरकार खासगी विनाअनुदानित शाळांना देतंच. महाराष्ट्रात त्या प्रतिपूर्तीचा दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आणला, तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच जुलैत रद्द केला. म्हणजे मूल जिथे शिकतं तिथे पैसा जातो, हे मी शोधून काढलेलं नाही. ती मुलं गरजू असतात म्हणाल. घरी शिकणारी गरजू नसतातच, हे कुठून ठरवलंत? मी मागितलं काय, तर परीक्षा फी आणि पुस्तकं. शाळेत न जाता, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या मुलाला तेवढंही कुणी देत नाही.

‘हिशेब कोण तपासणार’, ‘मुलं एकलकोंडी होतात’ वगैरेंचं उत्तर लेखाच्या दुसऱ्या भागात आहे. तुम्ही तिथवर पोहोचलाच नाहीत, हे प्रतिक्रियेवरून कळतं. ते पुन्हा लिहीत बसणार नाही.

वयाचा मान ठेवून सांगते, ‘हौस’ हा शब्द तेवढा मागे घ्या. मग पैशांवर हवं तेवढं भांडू.